रेपो रेटचा पायऱ्यांचा चार्ट: स्टेप, स्टेअर्स की प्लॉटली?

पायथॉनमध्ये पायऱ्यांचा चार्ट कशाने काढायचा, त्याबद्दल हे. डेटा असा की व्हॅल्यू एकदा बदलली की पुढचा बदल येईपर्यंत तिथेच बसून राहते, म्हणजे आरबीआयचा रेपो रेट (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते), विजेचे स्लॅब, गोडाऊनमधला स्टॉक वगैरे. आपण रेपो रेटच घेऊ. ८ फेब्रुवारी २०२३ ला तो ६.५० टक्के झाला आणि थेट ७ फेब्रुवारी २०२५ ला ६.२५ वर आला, मधली दोन वर्षं ढिम्म. आता हे साध्या प्लॉटला दिलंत तर तो दोन टिंबं सरळ रेषेने जोडतो आणि २०२४ च्या फेब्रुवारीत रेट ६.३७ च्या आसपास दिसतो, जो कधी नव्हताच! त्यामुळे साधी लाइन इथे बादच.

बहुतेकांना पुरतो तो मॅटप्लॉटलिबचा (पायथॉनची चार्ट काढायची लायब्ररी) स्टेप. तारखांची एक लिस्ट, रेटची एक लिस्ट, झालं. पण त्यात 'व्हेअर' नावाचं एक आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायची सेटिंग) आहे आणि त्याचा डिफॉल्ट 'प्री' आहे, तिथे सगळा घोळ होतो. प्री म्हणजे प्रत्येक व्हॅल्यू तिच्या तारखेच्या आधीच्या पट्ट्यावर काढायची, म्हणजे आपल्या केसमध्ये ६.२५ ची आडवी रेघ फेब्रुवारी २०२३ पासूनच सुरू होणार, रेट कपात दोन वर्षं आधीच! आणि चार्ट दिसायला एकदम व्यवस्थित असतो म्हणून कोणाला शंकाही येत नाही. रेट 'या तारखेपासून लागू' असतो, सो 'पोस्ट' लिहायचंच. 'मिड' पायरी दोन तारखांच्या बरोबर मधे पाडतो, रेपोसाठी बिनकामाचा.

पोस्टचीही एक खोड आहे, शेवटच्या व्हॅल्यूला पुढे आडवी रेघच मिळत नाही, कारण पुढची तारीखच नाही ना. मग लिस्टच्या शेवटी आजची तारीख टाकून तीच व्हॅल्यू परत लिहायची, थोडा जुगाड आहे पण चालतो. पांडासवाले (पायथॉनची टेबल-डेटा हाताळायची लायब्ररी) असाल तर प्लॉटमध्ये ड्रॉस्टाइल 'स्टेप्स-पोस्ट' द्या, तेच काम होतं. खाली रंग भरायचा असेल तर फिल-बिटवीनलाही वेगळं स्टेप 'पोस्ट' सांगावं लागतं, नाहीतर रेघ पायऱ्यांची आणि रंग तिरका.

स्टेअर्स हा मॅटप्लॉटलिब ३.४ मध्ये आलेला, आणि मला हा जास्त प्रामाणिक वाटतो. याला व्हॅल्यूंपेक्षा कडा (पायरी जिथे सुरू होते आणि संपते त्या तारखा) एक जास्त लागतात, म्हणजे शेवटचा रेट कुठपर्यंत काढायचा ते तुम्हालाच सांगावं लागतं, नाही सांगितलं तर सरळ एरर. प्री-पोस्टची भानगडच नाही. नमपायच्या (पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी) हिस्टोग्रामचं आउटपुट तर जसंच्या तसं बसतं. फक्त बेसलाइन डिफॉल्ट शून्य असते, त्यामुळे दोन्ही टोकांना रेघ शून्यापर्यंत खाली उतरते आणि ४ ते ६.५ मधली सगळी हालचाल वरच्या बाजूला चेपून जाते, तेव्हा बेसलाइन 'नन' (म्हणजे 'काहीच नाही') करा.

प्लॉटली (माउसने हाताळता येणारे चार्ट काढणारी लायब्ररी) कधी? समोरचा माणूस झूम करणार असेल, माउस फिरवून तारीख बघणार असेल तेव्हाच. तिथे लाइन शेप 'एचव्ही' म्हणजे आपला पोस्ट, आधी आडवं मग उभं, आणि 'व्हीएच' म्हणजे प्री. पण हॉवर (माउस नेला की दिसणारी माहिती) मूळ पॉइंटलाच चिकटतो, सो त्या दोन वर्षांच्या सपाट भागाच्या मधोमध माउस नेला तर काहीच दिसत नाही. त्यावर उपाय म्हणजे पांडासमध्ये रोजच्या तारखांवर रीसॅम्पल करून एफफिल (आधीची व्हॅल्यू पुढच्या तारखांना भरत नेणं). मग वाटतं की आता साधी लाइनही चालेल, लांबून चालतेही, पण झूम केलं की बदलाच्या दिवशी उतार दिसतो, एचव्ही काढू नका.

पीडीएफ किंवा रिपोर्टमध्ये टाकायचा असेल तर माझं मत स्टेअर्सला, डेटा फक्त 'बदलाची तारीख आणि नवा रेट' एवढाच हातात असेल आणि घाई असेल तर स्टेप पोस्ट. कुठलाही घ्या, पाठवायच्या आधी एकच तारीख तपासा: १ जानेवारी २०२४ ला रेघ ६.५० वर आहे का? ६.२५ दिसली तर कुठेतरी प्री राहिलंय.