नव्या फर्निचरचा वास आणि दोन एअर प्युरिफायर, मी कुठला ठेवला

नुसत्या धुळीसाठी घेत असाल तर फार डोकं लावू नका, हेपावालं (म्हणजे बारीक धूळ अडवणारा फिल्टर असलेलं) कुठलंही बरं मशीन चालतं. माझा प्रश्न वासाचा होता. नवीन प्लायवूड, सनमायकाचं सोल्युशन, ऑइलपेंट, आणि आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याकडे राहतो त्यामुळे थंडीत रात्री वारा फिरला की एमआयडीसीच्या बाजूने जे काही येतं ते वेगळंच. हेपा कण अडवतं, वायू नाही. मच्छरदाणी डास अडवते, वास कुठे अडवते? वायूसाठी अॅक्टिव्हेटेड कार्बनच (वास शोषून घेणारा खास कोळसा) पाहिजे, आणि तो आत किती आहे यावर सगळा खेळ.

तर एक मशीन होतं मोठ्या भावाचं, गोल, देखणं, अॅपवालं, हेपा आणि कार्बनची पातळ जाळी एकाच सिलिंडरमध्ये. दुसरं मी घेतलेलं, चौकोनी डबा, आत कार्बनचे दाणे किलोच्या हिशोबात. दोन्ही आमच्याच बेडरूममध्ये आलटून पालटून लावून बघितली.

पहिलं दिसायला, आवाजाला, विजेला सगळ्यात सरस, खोटं कशाला बोलू. पण त्याचा ऑटो मोड! किचनमध्ये फोडणी पडली की हे बेडरूममध्ये बोंबलायला लागतं, लाल दिवा, फुल स्पीड. आणि खालच्या फ्लॅटमध्ये फर्निचरला पॉलिश चालू होतं, थिनरचा वास जिन्यातून घरभर, आईच्या डोळ्यांतून पाणी, तेव्हा हे महाशय हिरवा दिवा लावून एकदम स्लो. आई पदराने डोळे पुसत विचारते, "हिरवं दाखवतंय म्हणजे हवा चांगली आहे ना रे?" आता काय सांगणार. त्यातला सेन्सर लेझरने धुळीचे कण मोजतो, थिनरची वाफ त्याला दिसतच नाही. ज्या वेळी गरज त्याच वेळी झोपणार, मग मी उठून हाताने स्पीड वाढवायचा, मग ऑटोचे पैसे कशाला दिले? काही मॉडेलमध्ये व्हीओसी सेन्सर (थिनर, रंगासारख्या वाफा ओळखणारा) पण असतो म्हणा, पण तो डिओ मारला, सॅनिटायझर लावलं तरी उसळतो, आणि नेमका कुठला वायू ते काही सांगत नाही.

दुसऱ्याला अॅप नाही, आकडा नाही, एक नॉब, तीन स्पीड. सकाळी लावला की चालू. वास हळूहळू जातो, पण जातो, निदान माझ्या नाकाला तरी फरक कळला, मीटर काही माझ्याकडे नाही. तोटे आहेत. जड आहे, घरघरतो, पहिल्यांदा लावला तेव्हा फरशीवर काळी पूड पडली आणि फिल्टर बदलायचा खर्च ऐकून बायको माझ्याकडे बघतच राहिली.

फॉर्मल्डिहाइड या वायूची मात्र गोष्ट वेगळी. प्लायवूड, एमडीएफच्या गोंदातून तो निघतो, रेणू इतका हलका की साध्या कार्बनवर नीट टिकत नाही. त्यासाठी केमिकल लावलेला कार्बन किंवा पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे दाणे असतात, वापरून संपले की तपकिरी होतात. ते आहेत का विचारा. आणि आयोनायझर (हवेला विजेचा भार देणारं, त्यातून ओझोनही निघू शकतो), ओझोनवालं काही घेऊ नका प्लीज, ओझोन स्वतःच घशाला वाईट आणि लिंबाच्या वासाच्या फ्लोअर क्लीनरबरोबर मिळून उलट फॉर्मल्डिहाइड तयार करतो.

एप्रिल-मेच्या उन्हात फर्निचरमधून जास्त वाफा निघतात, तेव्हा आधी समोरासमोरच्या खिडक्या उघडा, ते फुकट आहे. पावसाळ्यात दमट हवेने कार्बन लवकर दमतो, आणि पूर्ण भरलेला फिल्टर घेतलेला वास परत पण सोडतो, म्हणून तो वेळेत बदला.

गंगापूर रोडला जुन्या घरात राहत असाल, फर्निचरचा वास केव्हाच गेलेला असेल तर भावाचंच मशीन घ्या, मी काही बोलणार नाही. बाकीच्यांनी दुकानात एवढंच विचारा की कार्बन किती ग्रॅम आहे. सेल्समन "सर, मल्टी लेयर आहे" म्हणाला की समजा जाळीच आहे. आणि डब्बावालं घेतलंत तर नेताना कोणाला तरी सोबत घ्या, आमची लिफ्ट नेमकी त्याच दिवशी बंद होती.