अंगठीवाल्या सुट्या पॅकपासून सावध राहा

मॅजिक द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्यांनो, दादरच्या आसपास कोणी त्यातल्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्स' संचाचे सुटे कलेक्टर बूस्टर (संग्राहकांसाठीचे महागडे बंद पॅक) देत असेल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा.

हा संच जून २०२३मध्ये आला. त्यात 'द वन रिंग' या पत्त्याची एक खास प्रत अशी होती, जिच्यावर १/१ असा क्रमांक होता. ती कॅनडात एकाला सापडली आणि पोस्ट मलोन या गायकाने सुमारे २० लाख डॉलरला विकत घेतली. तो विषय तिथेच संपला. तरीही हा विक्रेता फोनवर म्हणतो, "दादा, अंगठी अजून फिरतेय, तुमच्या पॅकात निघाली तर पार्ल्यात फ्लॅट!" ती कधीच विकली गेली, असं मी सांगितल्यावर पठ्ठ्या जरासुद्धा गडबडला नाही. लगेच सोल रिंग या दुसऱ्या पत्त्यावर आला. या संचात क्रमांक छापलेल्या मोजक्या सोल रिंग खरोखरच आहेत: एल्फांच्या चित्राच्या ३००, बुटक्यांच्या ७००, माणसांच्या ९००. माणूस अभ्यास करून फसवतो, हे मात्र मानलं पाहिजे.

भेट ठरली दादर स्टेशनच्या पुलावर, ऐन संध्याकाळी. त्या गर्दीत पॅक उजेडात धरून बघणार कोण? पैसे यूपीआयने घेतले, खात्यावर नाव भलतंच. "भावाचं आहे." सहा पॅकचे २१ हजार.

घरी पाहिलं तर पॅकच्या वरच्या दातेरी कडेवर गोंदाची चकाकी होती आणि जुन्या घडीशेजारी दुसरी घडी उमटलेली. कलेक्टर बूस्टरच्या १५ पत्त्यांत बहुतेक फॉईल, म्हणजे चकाकणारे, असतात. इथे साधे कॉमन (सहज मिळणारे) पत्ते भरलेले, त्यातले काही तर तीन पॅकांत तेच ते. वरताण म्हणजे एका पॅकात चक्क 'द वन रिंग'! क्रमांकाची नाही, नेहमीचीच, पण तीही महाग असते. या संचातल्या रेअर आणि मिथिक, म्हणजे दुर्मिळ, पत्त्यांवर खाली त्रिकोणी होलोग्राम असतो, तिरपा धरला की चमकतो. इथे राखाडी शाईचा त्रिकोण छापलेला. पत्त्याच्या मागच्या बाजूच्या हिरव्या ठिपक्यावर भिंग धरलं. अस्सल पत्त्यात तिथे 'एल' अक्षरासारखे लाल ठिपके दिसतात, इथे नुसता चिखल. म्हणजे पॅक उघडून माल काढून घेतला आणि संशय येऊ नये म्हणून वर एक नकली पत्ता बक्षीस ठेवला. याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

पॅक सुटे असतील तर वजन, कंपनीचं वेष्टन वगैरे गप्पांना काही अर्थ नाही. एक पॅक त्याच्यासमोर फोडू द्या म्हणा, भिंग सोबत ठेवा. नाही म्हणाला तर पुढची लोकल पकडा.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली. पैसे परत आलेले नाहीत. बँक म्हणते, तुम्ही स्वतःच पाठवलेत. तो विक्रेता आता दुसऱ्या नावाने याच खेळातल्या फायनल फँटसी संचाचे सुटे पॅक विकतोय. त्याला पैसे दिलेले अजून कोणी असाल तर व्यवहार क्रमांक आणि पॅकची वेष्टनं फेकू नका, आणि आपली वेगळी तक्रार नोंदवा. एकाच खात्यावर आणखी तक्रारी आल्या तर बरं होईल, असं ठाण्यातल्या हवालदारांनी मला सांगितलं.