गरम पाण्याची धार करंगळीएवढी झाल्यावर: गिझर उघडायचा की सॉफ्टनर बसवायचा?

गार पाण्याचा नळ धो धो वाहतो, गरम पाण्याची धार मात्र करंगळीएवढी, आणि बादलीच्या तळाशी पांढरे कण. बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या घरांना हे चित्र नवीन नाही. वाघोलीच्या आमच्या बैठ्या घरात यावरचे दोन्ही उपाय मी करून पाहिले. आधी दोन उन्हाळे सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) होता, गेली तीन वर्षं फक्त गिझरची वर्षातून एकदा सफाई करतो.

दोन्हीपैकी काहीही ठरवण्याआधी पाणी नेमकं कुठे अडतंय ते बघा. गिझरचं बटण बंद करून पाणी गार होऊ द्या, मग बाहेर जाणारा होज सोडून खाली बादली धरा. तिथे धार जोरात पडली तर दोष गरम-गार पाण्याच्या मिक्सर नळाच्या गरम बाजूला किंवा शॉवरच्या जाळीत आहे, टाकीत नाही. तिथेही बारीकच असेल तर गार पाणी आत येतं तिथला सेफ्टी व्हॉल्व्ह आधी काढून बघा. माझ्याकडे पहिल्या वेळी निम्मी अडचण तिथेच होती, टँकरच्या पाण्यातली रेती व्हॉल्व्हमध्ये बसली होती. बादलीतले कण व्हिनेगरमध्ये टाकले आणि बुडबुडे आले, तर तो चुना. तपकिरी गाळ असेल तर माती किंवा गंज, आणि मग सॉफ्टनरचा विचारच सोडा. त्याचं काम विरघळलेल्या क्षारांवर चालतं. गाळ उलट त्याचं रेझिन, म्हणजे क्षार धरून ठेवणारे आतले बारीक मणी, खराब करतो.

चुना गरम बाजूलाच का धरतो, हेही निर्णयाला उपयोगी पडतं. आपल्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापलं की कॅल्शियमचा भाग न विरघळणारा कार्बोनेट होऊन खाली बसतो. आजीच्या तांब्याच्या बंबात आतून जो थर धरायचा, तोच हा. म्हणजे पाणी जितकं जास्त तापवाल तितका थर जास्त. मी थर्मोस्टॅट ७५ वरून ६० अंशांवर आणला आणि पुढच्या सफाईला निघालेला चुना मला तरी बराच कमी वाटला.

सॉफ्टनरचं कौतुक मनापासून करतो. साबणाला पहिल्याच दिवशी फेस आला, फरशीवरचे पांढरे डाग थांबले, वॉशिंग मशिनमधून निघालेले टॉवेल मऊ झाले. शॉवरची भोकं दोन वर्षांत एकदाही टाचणीने टोकरावी लागली नाहीत. पण एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी होती. गच्चीवरची टाकी शॉवरपेक्षा तीन मीटर उंच असेल, तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो. तेवढ्यात रेझिनच्या थरातून पाणी नीट जात नाही, म्हणून पंप लावावा लागतो. आम्ही लावला, आणि वीज गेली की सगळेच नळ रडायला लागले.

तरी तेही चालवून घेतलं असतं. मला नको झालं ते रेझिन धुणं. दर चार-पाच दिवसांनी मिठाचं पाणी सोडून रेझिन ताजं करायचं, आधी उलटं धुवायचं, नंतर खारटपणा जाईपर्यंत खळबळायचं. माझ्या बादल्यांच्या हिशेबाने दर वेळी आठ-दहा बादल्या पाणी गटारात जायचं. जूनमध्ये एवढं खुपलं नसतं. एप्रिलमध्ये टँकरची वाट बघत, पैसे मोजून घेतलेलं पाणी डोळ्यांदेखत वाहून जाताना बघवत नव्हतं. आमच्या मोरीचं पाणी मागच्या अळूला आणि केळीला जातं, आईने ती सोय पहिल्यापासून करून घेतली आहे. हे खारं पाणी तिथे सोडता येईना. एकदा चुकून गेलं आणि आठवड्याभरात अळूची पानं कडेने करपली. त्या दिवशी सॉफ्टनरला वगळून पाणी थेट नळांना सोडणारा बायपासचा कॉक फिरवला, तो परत फिरवला नाही.

गिझरच्या सफाईला अर्धा दिवस जातो. एमसीबी (गिझरचा विजेचा मुख्य खटका) बंद करायचा, टाकी रिकामी करायची, खालचा फ्लँज (बोल्टचं झाकण) उघडून एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी सळई, बाहेर काढायचा. पहिल्यांदा जाणकार माणसाकडून करून घ्या आणि शेजारी उभे राहून बघा. टाकीला आतून काचेसारखा लेप असतो, म्हणून स्क्रू ड्रायव्हरने खरवडू देऊ नका, लाकडी पट्टी पुरते. एलिमेंट लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवला की थर आपोआप सुटतो. फरशी धुवायचं ॲसिड कुणी आणलं तर नम्रपणे परत पाठवा. मॅग्नेशियमची कांडी बघा, झिजून तार उरली असेल तर बदला, कारण टाकीऐवजी गंजायचं काम तिचं आहे. झाकणाखालचं गॅस्केट (रबरी चकती) दर वेळी नवीन घालायचं. आणि टाकीकडून येणाऱ्या पाइपवर जाळीचा साधा फिल्टर बसवा. फार बारीक घेतलात तर तोच दाब खाईल.

यात साबणाचा फेस परत गेला, फरशीवर डाग परत आले. ते मी मान्य करून घेतलं आहे, घरात सगळ्यांना ते पटेलच असं नाही.

तुमच्याकडे सोलर वॉटर हीटर असेल तर मात्र माझं ऐकू नका. त्याच्या सपाट पॅनेलमधल्या (फ्लॅट प्लेट) बारीक तांब्याच्या नळ्यांत चुना धरला की तो काढणं गिझर उघडण्याइतकं सोपं नसतं. गॅस गिझरच्या कॉइलचंही तेच. पाण्याची चणचण नसेल आणि बाथरूम तीन-चार असतील, तर प्रत्येक गिझर उघडत बसण्यापेक्षा सॉफ्टनर बरा. माझा सॉफ्टनर आता सोलापूरला मेहुण्यांकडे आहे. त्यांच्याकडे गच्चीवर सोलर आहे, बोअरला बारमाही पाणी आहे आणि घरात सात माणसं. त्यांचा फोन आला की तो छान चालल्याचं कळतं.

मी गिझर दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात उघडतो. पाणी त्या वेळी भरपूर असतं, आणि काही बदलावं लागलंच तर अभ्यंगस्नानाच्या पहाटेपर्यंत हाताशी दिवस असतात.