टिप बरोबर आली, म्हणूनच पैसे गेले

मृग लागतो ७-८ जूनला आणि फुटबॉलचा २०२६ चा वर्ल्ड कप सुरू होतो ११ जूनला. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको अशा तीन देशांत ४८ संघ, १२ गट, आणि नुसत्या गटांतल्याच ७२ मॅच. आपल्याकडे त्यातल्या बहुतेक मॅच रात्री उशिरा नाहीतर पहाटे दिसणार. म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर, घरात पीककर्जाचे पैसे आलेले असताना, आखाड्यावर मोबाईल घेऊन जागणाऱ्या पोरांना ‘आजची पक्की टिप’, म्हणजे सट्टा लावायला कोण जिंकणार ते, पाठवणारे पुन्हा कामाला लागणार. २०२४ च्या जूनमध्ये त्यांनी आमच्या घराला कसं लुटलं ते सगळं लिहितोय. परभणी, हिंगोली, नांदेडकडची अशी आणखी घरं मला आता माहीत झाली आहेत आणि त्यातली बहुतेक गप्प आहेत.

मी परभणीला मोंढ्यात आडत दुकानावर हिशेब लिहितो. धाकटा भाऊ गावी आबांबरोबर शेती बघतो. घरातला स्मार्टफोन त्याच्याकडे, आबांचं सिमही त्यातच, त्यामुळे आबांच्या खात्याचं यूपीआय तोच चालवतो. खताचे, मजुरीचे, लाईटबिलाचे पैसे त्याच्याच हातून जातात. आमच्या भागात घरोघरी असंच आहे. पोरगा कष्टाळू आहे, व्यसन नाही, पत्त्यांच्या अड्ड्याकडे कधी फिरकला नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘असल्या गोष्टी टवाळ पोरांबरोबरच होतात’ असं समजून अनेक आईबाप निर्धास्त बसलेत.

त्या जूनमध्ये जर्मनीत युरो कप होता. २४ संघ, सहा गट. एका रीलवरून भाऊ टेलिग्रामच्या एका चॅनलवर गेला. फुकट टिप मिळत होत्या, बघायला काय जातंय, असा विचार. दुसऱ्या दिवशी चॅनलवाल्याचा थेट त्याच्या खासगी इनबॉक्समध्ये मेसेज आला: “भाई, रिपोर्ट पक्का है, अभी पैसा मत लगाओ, सिर्फ देखो.” ‘रिपोर्ट’ म्हणजे मॅच आधीच ठरलीय अशी आतली बातमी. पैसे लावू नको, नुसतं बघ. या एका वाक्याने पोराचा निम्मा विश्वास बसला.

१६ जूनची टिप होती स्लोव्हेनिया-डेन्मार्क बरोबरीत सुटणार. १-१ सुटली. १७ तारखेची टिप आली, बेल्जियमला स्लोव्हाकिया हरवणार. बेल्जियम त्या गटातला सगळ्यात तगडा संघ. रात्री साडेनऊला मॅच सुरू झाली, सातव्याच मिनिटाला स्लोव्हाकियाने गोल केला. पुढे बेल्जियमच्या लुकाकूचे दोन गोल व्हिडिओ तपासून रद्द झाले आणि स्लोव्हाकिया १-० ने जिंकली. भावाने तो मेसेज मॅचच्या आधीच मित्रांना स्क्रीनशॉट काढून पाठवला होता, त्यामुळे मागाहून काही बदललंय अशी शंकाही घ्यायला जागा नव्हती. अशा दोन टिप लागोपाठ खऱ्या ठरल्यावर कोणाचंही डोकं फिरेल.

आता यातली मेख. आमच्या आतेभावालाही, पाथरीकडे राहतो तो, त्याच चॅनलवाल्याचा मेसेज आला होता. हे कळलं फार उशिरा, आत्या आमच्याकडे आली तेव्हा. दोघांचे फोन मी ओट्यावर शेजारी ठेवले, भावाच्या फोनवर मॅचआधी काढलेला तो स्क्रीनशॉट. दोन्हीकडे १७ जून, संध्याकाळचे सात वाजून काही मिनिटं. वाक्य अक्षर न अक्षर तेच, शेवटी तेच तीन आगीचे इमोजी. एका फोनवर ‘स्लोव्हाकिया’, दुसऱ्यावर ‘बेल्जियम’. आतेभावाची टिप चुकली तसा चॅनलवाला त्याच्याशी पुन्हा बोललाच नाही, आणि त्यानेही सोडून दिलं.

हिशेब साधा आहे. गटातल्या मॅचचे निकाल तीनच: हा जिंकेल, तो जिंकेल, नाहीतर बरोबरी. समजा २,७०० जणांना मेसेज करायचे. ९०० जणांना एक निकाल सांगायचा, ९०० ना दुसरा, ९०० ना तिसरा. मॅच संपली की कोणत्यातरी ९०० जणांना टिप खरी ठरलेली दिसणारच. पुढच्या मॅचला त्या ९०० चे ३००-३०० चे तीन भाग. त्यानंतर १००. तीन मॅच झाल्यावर १०० माणसं अशी उरतात ज्यांनी डोळ्यांनी लागोपाठ तीन टिप खऱ्या होताना पाहिल्या. बाकीचे २,६०० कुठेतरी वैतागून गप्प झालेले असतात, आणि टेलिग्रामच्या चॅनलवर एका मेंबरला दुसरा दिसत नाही, त्यामुळे त्यांची गाठ पडत नाही. चॅनलवाल्याला फुटबॉलचं ओ की ठो कळत नसलं तरी चालतं. बाद फेरीत कोणीतरी जिंकावंच लागतं, गटात मात्र तीन निकाल आणि रोज दोन-तीन मॅच. असं चाळण लावायला गटांचे पंधरा दिवस त्यांना पुरतात.

आणि फुटबॉलच का, हेही मला नंतर लक्षात आलं. क्रिकेटचं कोणी काही सांगितलं तर आमच्या गावातलं शाळकरी पोरगंही वाद घालेल, पिच कसं आहे, टॉस कोणी जिंकला, कोण फॉर्मात आहे. स्लोव्हेनिया आणि जॉर्जियाबद्दल वाद घालायला गावात कोण आहे? जिथे आपल्याला काहीच पारखता येत नाही, तिथे सांगणाऱ्यालाच जाणकार मानावं लागतं.

पुढचं भराभर सांगतो. व्हीआयपी ग्रुपचे २,९९९ रुपये. मग सट्ट्याच्या एका साईटची आयडी, तीही व्हॉट्सॲपवरच काढून दिली. पैसे भरायला दर वेळी वेगळा क्यूआर, वेगळ्या माणसाच्या नावाचा. एकदा तर नाव कुठल्यातरी दूध डेअरीचं होतं. पहिले ५,००० भरले, साईटवर ९,००० च्या वर झाले, आणि काढायला टाकले तर अर्ध्या तासात आबांच्या खात्यात ९,००० जमा. इथे बरीच माणसं फसतात. पैसे परत आले म्हणजे खोटं कसं असेल, असं वाटतं. मग २० हजार, ३५ हजार, ५० हजार. सगळे पीककर्जाचे. साईटवर आकडा ३ लाख ४० हजारांवर गेला.

तो आकडा म्हणजे स्क्रीनवर कोणीतरी टाईप केलेली संख्या होती. काढायला गेल्यावर उत्तर आलं: आधी ३० टक्के टॅक्स भरा, १ लाख २ हजार, निम्मे आत्ता, निम्मे नंतर. यात अर्धं खरं मिसळलेलं असतं म्हणून ते पटतं. ऑनलाईन गेमच्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर १ एप्रिल २०२३ पासून आहेच. पण तो पैसे देणाऱ्याने त्याच रकमेतून कापून सरकारकडे भरायचा असतो. तुमचे पैसे सोडवायला आधी तुम्हीच कोणाच्या तरी क्यूआरवर टॅक्स पाठवा, असा प्रकार आयकर खात्यात नाही. भावाने ५१ हजार पाठवले. मग ‘खाते पडताळणी’चे मागितले. तेव्हा कुठे त्याने मला फोन केला. रडत होता. “दादा, आबाला सांगू नको.”

मी लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावायला लावला. लाईन लागायला वेळ लागतो, पण लावत राहायचं. तिथे यूपीआयच्या व्यवहाराचा १२ आकडी नंबर, रक्कम, वेळ आणि बँकेचं नाव विचारतात, तेवढं कागदावर लिहून ठेवा. पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात पळत असतात, जितक्या लवकर तक्रार तितकं वाटेत अडण्याची शक्यता. ५१ हजारांपैकी १८ हजार असे पुढच्या एका खात्यात अडले आणि बऱ्याच महिन्यांनी कोर्टाच्या आदेशाने परत मिळाले. आधीचे गेले ते गेलेच. तक्रार cybercrime च्या सरकारी पोर्टलवरही नोंदवता येते, मग जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात स्टेटमेंट घेऊन जायचं.

तक्रार करतोय हे कळताच चॅनलवाल्याने सगळं चॅट उडवलं. टेलिग्रामवर समोरच्याला दोन्ही बाजूंचे मेसेज पुसता येतात, भावाच्या फोनवर रिकामी खिडकी उरली. मित्रांना पाठवलेला तो स्क्रीनशॉट आणि आतेभावाकडचा ‘बेल्जियम’वाला मेसेज, एवढाच पुरावा राहिला. आतेभावाला त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं, म्हणून त्याचं चॅट पुसायचं त्यांना सुचलं नाही. तेव्हा आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर पाठवा, त्यानंतरच त्यांच्याशी भांडा.

सगळ्यात वाईट फटका पुढे बसला. महिनाअखेरीला आबा बँकेत गेले तर खातं गोठवलेलं. साहेबांनी सांगितलं, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आहे, तुमच्या खात्यात आलेले ९,००० रुपये कोणाच्यातरी फसवणुकीचे आहेत. आम्हाला ‘जिंकलेले’ म्हणून दिलेले पैसे आमच्यासारख्याच दुसऱ्या कोणाच्या खिशातून काढलेले होते. त्याने तक्रार केली आणि माग काढत पोलीस आबांच्या खात्यापर्यंत आले. पीककर्जाची उरलेली रक्कम त्यात, १८ जूनला सोडलेला पीएम किसानचा २,००० चा हप्ताही त्यात. पैसे जमा होत होते, काढता येत नव्हते. पाऊस झालेला, शेजारच्यांच्या रानात तिफणी चालू, आणि आबा सोयाबीनच्या बॅगा आणि डीएपी खत उधार मागत कृषी केंद्रावर उभे. ज्या माणसाने आयुष्यात उधारी ठेवली नाही त्याला दुकानदाराला खातं का बंद आहे हे सांगावं लागलं. त्या पोलीस ठाण्याला स्टेटमेंट, आमच्या तक्रारीची प्रत, सगळं ईमेलने पाठवत राहिलो. फक्त ९,००० अडवून बाकी खातं मोकळं झालं तेव्हा सोयाबीन काढणीला आलं होतं.

भावाच्या मनातून एक गोष्ट मात्र लवकर जाईना. “पण दादा, मॅच फिक्स नसत्या तर जॉर्जियाने पोर्तुगालला कसं हरवलं असतं?” तेही चॅनलवर होतं. ती मॅच आपल्या वेळेने २६ जूनच्या रात्री साडेबाराला सुरू झाली, जॉर्जिया २-० ने जिंकली, आणि चॅनलवर जॉर्जियाची टिप झळकत होती. मी ती पोस्ट नीट पाहिली. वेळ रात्री पावणेबाराची, आणि वेळेच्या शेजारी बारीक अक्षरात पोस्ट नंतर बदलल्याची खूण. व्हीआयपीतल्या एकाकडे मूळ पोस्ट होती, तिच्यात पोर्तुगाल होतं. आणि पोर्तुगाल हरलं याला सरळ कारण आहे. पहिल्या दोन मॅच जिंकून त्यांचा गटातला पहिला नंबर पक्का झाला होता, म्हणून प्रशिक्षकाने बरेच मुख्य खेळाडू बसवून ठेवले. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्येही ट्युनिशियाने फ्रान्सला आणि कॅमेरूनने ब्राझीलला गटातल्या तिसऱ्याच मॅचमध्ये हरवलं. दोन्ही मोठे संघ आधीच पुढे गेले होते आणि संघ बदलून उतरले होते. आणि कधीकधी तेही कारण नसतं. त्याच वर्ल्ड कपमध्ये सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला पहिल्याच मॅचमध्ये २-१ हरवलं, आणि पुढे कप अर्जेंटिनानेच उचलला. खेळात असं होतं. त्यात कोणाचा ‘रिपोर्ट’ नसतो.

तक्रारीला बहुतेक जण भितात ते ‘सट्टा खेळला म्हणून आपल्यालाच आत टाकतील’ म्हणून. चॅनलवाल्याने भावाला हीच धमकी दिली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही. तेव्हा भिऊ नका, जा. आणि तक्रारीनंतर ‘तुमचे पैसे काढून देतो, आधी फी भरा’ म्हणणारा फोन आला तर तोही त्यातलाच समजा. आम्हाला आला होता, बोलणारा स्वतःला वकील म्हणवत होता.

आईबापांना एक विनंती. पीककर्जाचं खातं आणि मोबाईलवर यूपीआय चालणारं खातं वेगळं ठेवा. आबांनी आता तसं केलंय. दुसऱ्या खात्यात भाऊ लागेल तेवढेच पैसे टाकून घेतो, आणि तेच व्यवहार पूर्वीसारखेच तो बघतो.

आणि ज्या पोरांना गेल्या काही वर्षांत अशी टिप आली, चुकली, आणि तुम्ही सोडून दिलं, त्यांनी तो मेसेज पुसू नका. तुमचा एक रुपयाही गेला नसेल. पण त्याच मिनिटाला दुसऱ्या संघाचं नाव आलेलं कोणीतरी तुमच्याच तालुक्यात असू शकतं, आणि त्याच्याकडे दाखवायला काहीच उरलेलं नसतं. स्क्रीनशॉट, नंबर आणि तारीख घेऊन जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात द्या.