कार्ड स्लॉटवाला छोटा पीएलसी: ३२ जीबी बघून भुलू नका (३ स्टार)

सहा महिने वापरून झाले म्हणून आता लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हे रडगाणं या साइझच्या बऱ्याच पीएलसींना (मशीन चालवणारे औद्योगिक कंट्रोलर) लागू आहे. सीपीयू छोटा, वर्क मेमरी (प्रोग्रॅम चालताना वापरायची) १०० केबी, रिटेन्टिव्ह (लाइट गेली तरी टिकणारी) १० केबी, आणि बाजूला एसडी कार्डचा स्लॉट, कार्ड ३२ जीबीपर्यंत चालतं. मी त्या ३२ वरच भुललो.

काम साधं होतं, भट्टीची १० टेम्परेचर दर सेकंदाला साठवायची. हिशोब मी घेतल्यावर केला, तुम्ही आधी करा. एक रिअल (दशांशवाला आकडा) ४ बाइटचा, दहांचे ४०, वर तारीख-वेळेचे १२, म्हणजे रेकॉर्ड ५२ बाइटचं. दिवसाला ८६,४०० रेकॉर्ड, जवळपास ४.५ एमबी. वर्क मेमरी अख्खी रिकामी असती (नसतेच, प्रोग्रॅमही तिथेच बसतो) तरी अर्ध्या तासात फुल्ल, आणि लाइट गेल्यावर टिकणाऱ्या १० केबीत मावतो फक्त सव्वातीन मिनिटांचा डेटा! मित्सुबिशीच्या एफएक्स३यू या पीएलसीत आर रजिस्टर (डेटा ठेवायचे कप्पे) ३२,७६८ आहेत, ऐकायला केवढे वाटतात, पण एकेक २ बाइटचं, म्हणजे आमची २१ मिनिटं.

मग कार्डच उरतं. सीएसव्हीत (साध्या टेक्स्ट फाइलीत) आकडे अक्षरांत जातात म्हणून एक ओळ साधारण १०० बाइटची धरा, दिवसाला ८-९ एमबी, तरी ३२ जीबी भरायला दहा वर्षं लागतील. जागेचा प्रश्न नाहीच मुळी. प्रश्न आहे लिहिण्याचा. कार्डवर लिहायची इन्स्ट्रक्शन एका स्कॅनमध्ये (प्रोग्रॅमच्या एका फेरीत) संपत नाही, बिझी-डन (काम चालू की संपलं हे सांगणारे सिग्नल) बघत थांबावं लागतं, मी सुरुवातीला ते न बघता दर सेकंदाला ट्रिगर मारत होतो आणि कार्ड मध्येच अडकलं की रेकॉर्ड गायब, सीएसव्हीत १०:४१:०७ नंतर थेट १०:४१:११. (एक्सेलमध्ये उघडलं तर सेकंद दिसतच नाहीत, त्यामुळे हे कळायलाच आठवडा गेला, नोटपॅडमध्ये बघा.)

त्यात फ्लॅशची (कार्डातल्या मेमरीची) खोड अशी की ५२ बाइट लिहायचे असले तरी आत अख्खा ब्लॉक हलवावा लागू शकतो, शिवाय फाइलचा साइझ वगैरे अपडेट होतो तो वेगळा. दिवसाला ८६,४०० वेळा हे केल्यावर आमचं मोबाइलमधलं साधं कार्ड चौथ्या आठवड्यात मेलं. सपोर्टवाले म्हणाले इंडस्ट्रियल कार्ड घ्या. बरोबर आहे त्यांचं, पण हे मॅन्युअलमध्ये ठळक छापायला काय जातं?

आता कसं चालवतोय ते सांगतो. रिटेन्टिव्हमध्ये ६०-६० रेकॉर्डचे दोन बफर (तात्पुरते साठे), एक भरतोय तोवर दुसरा कार्डवर जातो, दोन्ही मिळून ६,२४० बाइट, आरामात बसतात. दिवसाला १,४४० वेळाच लिहिणं. रोज नवी फाइल आणि प्रत्येक खेपेला लिहून झालं की लगेच बंद, कारण एकदा लिहिता लिहिता लाइट गेली आणि अख्ख्या महिन्याची फाइल शून्य केबी. पुढे टेम्परेचर १० ने गुणून इंटमध्ये (२ बाइटचा पूर्णांक) आणि वेळ ४ बाइटमध्ये टाकणार आहे, म्हणजे रेकॉर्ड २४ बाइटवर येईल. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, असो.

चांगलं काय, तर ब्राउझरमधून फाइल उतरवता येते, तेवढ्यासाठी एक स्टार जास्त. सिमेन्सच्या एस७-१२०० या पीएलसीतही तशी सोय आहे, पण तिथे डेटालॉग (नोंदींची फाइल) बनवतानाच किती रेकॉर्डचा ते ठरवावं लागतं आणि भरला की जुन्यावर नवं लिहिलं जातं, त्यामुळे वेळेत उतरवला नाही तर गेला.

वर्षानुवर्षांचा डेटा हवा असेल तर पीसीवर डेटाबेसच ठेवा, पीएलसीने फक्त नेटवर्क बंद असेल तेवढा वेळ सांभाळायचं. तेवढ्यासाठी हा सीपीयू पुरेसा आहे, मी परत घेईन. फक्त चालू मशीनमधून कार्ड ओढू नका, आमच्या शिफ्टवाल्याने कॉपी मारायला ओढलं आणि सीपीयू डायरेक्ट स्टॉपला, भट्टी परत तापवायला चार तास.