जुने फोटो-कागद ठेवायची पेटी घेताय? आतली पाकिटं आधी बघा

जुने फोटो आणि कागद जपण्यासाठी हल्ली तयार संच मिळतो. झाकणाची जाड पुठ्ठ्याची पेटी, पारदर्शक पाकिटं, फोल्डर, पातळ टिश्यू कागद, चिकट लेबलं आणि सिलिका जेलच्या पुड्या असं सगळं त्यात असतं. आईची पत्रं, वडिलांची प्रमाणपत्रं आणि घरातले सगळे फोटो आता मी सांभाळते, म्हणून हा संच घेतला. पेटी आणि पाकिटं यांसाठी तो जरूर घ्यावा. लेबलं मला पसंत पडली नाहीत, आणि टिश्यूबद्दल खाली सांगते.

सगळ्यात उत्तम आहेत ती पाकिटं. ती पॉलिएस्टरची आहेत. हातात धरली की काचेसारखी स्वच्छ दिसतात, जरा कडक लागतात आणि त्यांना कसलाही वास येत नाही. स्टेशनरीच्या दुकानातल्या बऱ्याच मऊ प्लास्टिकच्या पाकिटांना नवेपणी उग्र वास येतो, ती बहुतेक पीव्हीसीची असतात. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली द्रव्यं कालांतराने बाहेर येतात आणि फोटोचा पृष्ठभाग प्लास्टिकला चिकटतो. शिवाय पीव्हीसी जुनं होताना आम्लही सोडतं. पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन यांत ही भानगड नाही. या संचातली पाकिटं लागून असलेल्या दोनच बाजूंनी बंद आहेत आणि त्यांचे जोड डिंकाने न लावता उष्णतेने सांधलेले आहेत. त्यामुळे फोटो आत सरकवावा लागत नाही. पुस्तकाचं पान उघडावं तसं पाकीट उघडायचं, फोटो ठेवायचा आणि मिटायचं. कोपरे दुमडलेल्या, कडा झिजलेल्या फोटोंसाठी हे फार सोयीचं आहे.

एक मात्र सांभाळा. पॉलिएस्टरवर स्थिर वीज साचते. खडूने, कोळशाने किंवा मऊ पेन्सिलीने काढलेलं चित्र त्यात ठेवलं तर भुकटी उचलली जाते. माझ्या भावाने शाळेत काढलेली खडूची चित्रं मी कागदाच्या फोल्डरमध्येच ठेवली आहेत.

खोक्यावर ‘ॲसिड-फ्री’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. कागदपत्रांसाठी ते चांगलं आहे, पण फोटोंसाठी तेवढ्यावर विसंबू नये. फोटोसाठी ‘फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट’ म्हणजे पॅट (आयएसओ १८९१६ या आंतरराष्ट्रीय मानकातली चाचणी) पार केल्याचा उल्लेख शोधावा. या चाचणीत तो पुठ्ठा किंवा प्लास्टिक चांदीच्या संवेदनशील पट्टीला लावून ७० अंश सेल्सिअस आणि ८६ टक्के आर्द्रतेत १५ दिवस ठेवतात, आणि पट्टीवर डाग पडतो का, ती फिकी होते का, हे पाहतात. कृष्णधवल फोटोतली प्रतिमा चांदीचीच असते, म्हणून ही परीक्षा महत्त्वाची. माझ्या संचात पेटी, पाकिटं आणि फोल्डर या तिन्हींवर पॅटचा उल्लेख आहे. लेबलांच्या डिंकाबद्दल एक अक्षर नाही, म्हणून मी ती पेटीच्या बाहेरच्या बाजूलाच लावली. आत नावं लिहायला मऊ पेन्सिल पुरते. फोटो उलटा करून स्वच्छ, कडक जागेवर ठेवायचा आणि मागच्या कडेला हलक्या हाताने लिहायचं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. प्लास्टिकचा थर असलेल्या नव्या फोटो कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे मी नावं पाकिटात ठेवायच्या चिठ्ठीवर लिहिते.

आता टिश्यूबद्दल. संचातला टिश्यू क्षारयुक्त आहे, म्हणजे आम्ल शोषून घेण्यासाठी त्यात कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं आहे. पत्रं, गुणपत्रिका, वर्तमानपत्राची कात्रणं यांच्यामध्ये घालायला तो योग्यच. पण लोकर आणि रेशीम यांना क्षार मानवत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांचे घरांचे जुने नकाशे असतात, त्यांचा निळा रंगही क्षाराने उडतो. अशा वस्तूंना क्षार नसलेला टिश्यू लागतो. संचाबरोबरच्या माहितीपत्रकात हे कुठेच नाही, आणि माझ्या मते ही गंभीर उणीव आहे, कारण आठवणींच्या पेटीत लोकरीचं टोपडं, रेशमी रुमाल ठेवणार नाही असं घर विरळाच. आईने विणलेल्या स्वेटरसाठी मी क्षार नसलेला टिश्यू वेगळा मागवला.

त्याच पत्रकात सगळं पाकिटात घाला असंही म्हटलंय. थर्मल कागदावरच्या पावत्या आणि ईसीजीच्या पट्ट्या पाकिटात घातल्या तरी उडणारच. वडिलांच्या पट्ट्यांची मी आधी साध्या कागदावर छायाप्रत काढली आणि ती प्रत ठेवली.

चिकट पानांचे जुने अल्बम, ज्यांत फोटोवर प्लास्टिकचं पान ओढून घ्यायचं असतं, त्यांतून फोटो काढायला संचात काहीच साधन नाही. मी दात साफ करायचा मेण नसलेला फ्लॉस वापरला. प्लास्टिक अलगद उचलायचं, फोटोच्या कोपऱ्याखाली दोरा घालायचा आणि करवत चालवावी तसा पुढे-मागे करत पलीकडे न्यायचा. डिंक सुटताना बारीक करकर ऐकू येते. फोटो वर खेचायचा नाही, आणि दोरा अडला तर तिथेच थांबायचं. आत्याच्या साखरपुड्याचा एक फोटो असाच अडला. मी ते सगळं पान आहे तसं ६०० डीपीआयवर स्कॅन केलं आणि फोटो पानासकट ठेवून दिला.

पेटी भक्कम आहे, कोपऱ्यांना धातूच्या पट्ट्या आहेत आणि झाकण बसतं पण गच्च लागत नाही. माप मात्र बाहेरचं छापलंय. ए-फोर आकाराचे कागद नीट मावतात, लीगल आकाराचे जुने दस्त मावत नाहीत, आणि मोडून घातले तर घडीवरच फाटतात. घेण्याआधी आतलं माप विचारून घ्या. पेटी अर्धवट भरली तर उभे ठेवलेले फोटो वाकतात, म्हणून रिकाम्या जागेत पुठ्ठ्याचा आधार द्यावा लागतो. तो संचात हवा होता.

सिलिका जेलच्या पुड्या चालतात, पण त्या गरम करून परत कोरड्या कराव्या लागतात. पेटी माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवली तर त्या पुड्या काय पुरणार? आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत राहिली तर उत्तम, ६५ च्या वर गेली की बुरशीला वाव मिळतो. आतल्या खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा मला सर्वात बरा वाटला. तिथे छोटा आर्द्रतामापक ठेवलाय, त्याचा पुड्यांपेक्षा जास्त उपयोग होतो.

निगेटिव्ह असतील तर आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचं ॲसिटेट विघटित होतंय आणि त्याची वाफ शेजारच्या फिल्मलाही लागते. अशी फिल्म या पेटीत अजिबात नको. ती वेगळी, हवा खेळेल अशा जागी ठेवून लवकरात लवकर स्कॅन करून घ्या. बाकी सगळ्यासाठी मी हाच संच पुन्हा घेईन, फक्त पेटी लीगल मापाची आणि पाकिटं थोडी जास्त.