कॉइल बॉयलर आठ महिने वापरल्यावर: गडी चपळ, पण पोटात साठा नाही

लाँड्रीत आधी थ्री-पास (आगीचा धूर तीन फेऱ्या मारून बाहेर पडतो असा) फायरट्यूब बॉयलर होता. आठ महिन्यांपूर्वी तो बंद करून ताशी 300 किलो वाफ देणारा कॉइल बॉयलर बसवला. कारण एकच, सकाळचा वेळ. जुन्याचा बर्नर लावला की पाऊण-एक तास नुसतं दाबाच्या काट्याकडे बघत बसायचं. हा सहा-सात मिनिटांत 7 किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब दाखवतो. त्या बाबतीत आजही तक्रार नाही.

पण तो एवढा झटपट का, हे मी घेताना नीट समजून घेतलं नव्हतं.

जुन्यात आग नळ्यांमधून जायची आणि भोवती हजार लिटर पाणी असायचं. ते सगळं तापायला वेळ लागणारच. नव्यात उलटं आहे. एकच लांब गुंडाळलेली नळी, पंप खालून पाणी ढकलतो, भोवती ज्योत, आणि वरून वाफ बाहेर. आत एका वेळी जेमतेम वीस-पंचवीस लिटर पाणी. (मोठ्या कारखान्यांतले वॉटरट्यूब बॉयलरही पाणी नळ्यांतच ठेवतात. बॅबकॉक आणि विल्कॉक्स यांनी 1867 साली पेटंट घेतलं, त्यामागे सुरक्षेचा विचार होता: फुटली तर एक नळी फुटावी, अख्खं पिंप नको. पण त्यांना वर ड्रम, म्हणजे पाणी-वाफेची टाकी असते, आपल्याला नाही.)

पहिल्या आठवड्यातच कॅलेंडर (चादरी गरम रोलरखालून सुकवून इस्त्री करणारं यंत्र) आणि दोन वाफेचे इस्त्री-प्रेस एकदम सुरू झाले आणि दाब 7 वरून 4 वर आपटला. जुन्यात असं होत नसे. तिथे दाब 7 वरून 5 वर आला तरी 170 अंशांचं पाणी 159 वर येताना स्वतःच उकळायचं आणि हजार लिटरमधून वीस-पंचवीस किलो वाफ फुकट मिळायची. त्या जोरावर बर्नर मागून येईपर्यंत काम निभायचं. नव्यात हाच हिशेब लावला तर अर्धा-पाऊण किलो! आमचे जुने ऑपरेटर काका म्हणाले, "शेठ, हा गडी चपळ आहे, पण याच्या पोटात साठा नाही." आता यंत्रं दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सुरू करतो. विक्रेत्याने हे सांगायला हवं होतं, हे मात्र नक्की.

दुसरा त्रास ओल्या वाफेचा. चादरी कॅलेंडरमधून निघायच्या, कडा कोरड्या आणि मधे हाताला गारवा. कॉइलमधून वाफेबरोबर पाण्याचे थेंबही येतात. ते थेंब वेगळे करणारा सेपरेटर होता, पण त्याचा ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) अडकला होता. ट्रॅप बदलला, नळीला ट्रॅपच्या दिशेने उतार दिला, चादरी सुकल्या. चांगल्या डिस्क ट्रॅपची टक्-टक् कानाला ओळखीची झाली की तो बंद पडल्याचं दुरूनच कळतं.

चौथ्या महिन्यातली चूक माझी. सॉफ्टनरच्या, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राच्या, टाकीतलं मीठ संपलं होतं, कुणी बघितलंच नाही. त्यातल्या रेझिनला (जडपणा धरून ठेवणाऱ्या दाण्यांना) पुन्हा ताजं व्हायला मीठ मिळालं नाही की कॅल्शियम-मॅग्नेशियम सरळ बॉयलरमध्ये जातं. जुन्यात थर साचायला महिने लागत आणि ब्लोडाउनमधून (तळाचं गढूळ पाणी सोडताना) बराच गाळ बाहेर पडे. इथे अरुंद नळीत साचतो. आधी चिमणीचं तापमान 210 वरून 255 वर गेलं, म्हणजे उष्णता पाण्यात न जाता वर उडत होती. डिझेल जास्त लागायला लागलं. मग पंपाच्या बाजूचा दाब वाढत गेला आणि एका सकाळी सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. इनहिबिटर (धातू खाल्ला जाऊ नये म्हणून घालायचं रसायन) घातलेल्या सौम्य अॅसिडने कॉइल धुतली, एक अख्खा दिवस गेला. आता रोज सकाळी बर्नर लावायच्या आधी पाण्याच्या नमुन्यात जडपणा तपासायच्या रसायनाचे थेंब टाकून बघतो: निळं झालं तर ठीक, लालसर राहिलं तर बर्नरला हात नाही.

सगळ्यात मोठा फायदा झाला तो बॉयलरच्या बाहेर. प्रेसमधलं कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं गरम पाणी, आधी गटारात जायचं. ते फीड टँकला (बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीला) परत आणलं, पाणी 30 वरून 75-80 अंशांवर आलं. दर 6 अंशांना ढोबळमानाने एक टक्का इंधन वाचतं, त्यामुळे सात-आठ टक्क्यांचा फरक डिझेलच्या बिलात दिसला. एकदा टँक 90 च्या वर गेला तेव्हा पंपात खडे भरल्यासारखा आवाज आला. पाणी पंपाच्या तोंडाशीच उकळत होतं. टँक उंचावर नेला, आवाज थांबला.

दिवसभर न थांबता वाफ लागत असेल आणि मागणी एकदम वर-खाली होत असेल, तर मी फायरट्यूबच घेईन. सकाळी तीन तास आणि संध्याकाळी दोन तास काम असेल, तर हाच. पण पाण्याची शिस्त नसलेल्या जागी हा देऊ नये, कितीही चपळ असो.

जुना बॉयलर विकायला काढला होता, तो विचार सध्या सोडलाय. आतून पूर्ण सुकवून मॅनहोलमधून कळीच्या चुन्याच्या थाळ्या आत ठेवल्यात, ओल शोषायला. चुना फुगला की काका बदलतात.